कडेगाव ते इस्रायल, व्हाया पेण

आमच्या कडेगावच्या कॉलेजच्या इतिहास मंडळाने ज्यू लोकांचा वारसा पाहायला थेट इस्रायलला जायचं ठरवलं, आणि पालकसभेत पहिला प्रश्न आला तो ठिबक सिंचनाचा. सांगली जिल्ह्यात इस्रायल म्हणजे ठिबक. सहलप्रमुख सर जेरुसलेमची पश्चिम भिंत समजावून सांगत होते तोवर सभा जांभया देत होती. त्यांच्या तोंडून चुकून 'ड्रिपर' असा शब्द निसटला आणि पुढच्या रांगेतल्या चौघांनी खिशातून पेन काढलं.

"पोरं जात्यात तर जाऊ द्या," एक पालक म्हणाले, "पर आडसाली उसाला तितलं ठिबक कसं बसतंय, तेवढं बघून या म्हणावं."

मग एका आजींनी विचारलं, "तिकडं लढाई चाललीया म्हनं?" आणि शेवटी कोणीतरी विमानाचं भाडं विचारलं. आकडा ऐकल्यावर मागून आवाज आला, "एवढ्यात मुऱ्हा म्हस येती की दारात!" म्हशीपुढे जेरुसलेमचं काही चाललं नाही.

पण सर हटणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: 'इस्रायल सहल. मुक्काम अलिबाग.' खाली खुलासा होता. अलिबागेत इस्रायल आळी आहे. पासपोर्टऐवजी आधार कार्ड आणावे. उलटी होणाऱ्यांनी खिडकी आधी सांगून ठेवावी.

कराड, सातारा, खंबाटकी करत गाडी पुण्यात शिरली. कॅम्पात ड्रायव्हरमामांनी काच खाली करून "सिनेगॉग कुठं आलं ओ?" असं विचारलं, तर माणसं त्यांना दवाखान्यांचे पत्ते सांगू लागली. शेवटी एका रिक्षावाल्याने डोक्याला हात लावला. "लाल देऊळ म्हणा की!"

हे लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, १८६७ सालचं. बगदादहून मुंबईत येऊन व्यापारात गडगंज झालेल्या डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतलं. पुरं होण्याआधी, १८६४ मध्ये, ते पुण्यातच वारले. त्यांची समाधी याच आवारात आहे. लाल विटा, उंच टोकदार मनोरा, फाटकावर पहारा. परवानगीचं पत्र आणि सगळ्यांची आधार कार्डं तपासून झाल्यावर आमची पोरं मान वर करून उभी राहिली.

"सर, उंची किती?"

"नव्वद फूट."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कडेगावच्या पोराला जगातली कुठलीही इमारत दाखवा, तो ती मोहरमच्या ताबुताशी मोजणार. आमचे ताबूत गगनचुंबी, शंभरी पार करणारे. शिवाय ते बांधायचे आधी कळस, मग पाया. त्यांच्या मिरवणुकीत सारा गाव खांदा देतो, जात-धर्म न विचारता. "बसलाय नव्वदीत," एकाने निकाल दिला, आणि ससूनशेठना फार ताण न देता मंडळी गाडीत बसली.

पेणमार्गे अलिबागला पोचलो तो शनिवार होता. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असतं, म्हणून सहल शनिवारी काढायची, हा सरांचा हिशेब. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चालतो, हा त्यांचा हिशेब. तो आमच्यापेक्षा बराच जुना असल्याने आम्ही माघार घेतली. कुलाबा किल्ला ओहोटीत चालत पाहिला आणि रात्री कोळंबीवर तुटून पडलो. घाटावरचा माणूस समुद्र बघायला जातो असं म्हणतात. खरं म्हणजे तो समुद्र खायला जातो.

रविवारी सकाळी नवगाव. बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, परंपरा सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना इथेच पुरलं, आणि त्या जागी आता स्मारक आहे. सर हे भरल्या गळ्याने सांगत होते. पोरं गंभीर झाली होती. गलाईवाल्यांच्या घरातला एक मात्र बोटं मोजत होता.

आमच्या खानापूर-आटपाडी-कडेगाव पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. भारतातलं असं मोठं गाव नाही, जिथे याचा मामा किंवा मावसा निघत नाही. तो म्हणाला, "सात जोडपी म्हंजी चौदा माणसं झाली की, सर. आमचा चुलता एकटाच कोइमतूरला उतरला. भाषा येत न्हवती. आज तिथं त्येची तीन दुकानं हायत."

"त्याचं जहाज फुटलं होतं का?" सरांनी विचारलं.

"न्हाय. दुष्काळ पडलावता."

यावर सरांनाही काही बोलता आलं नाही.

वाचलेल्या माणसांनी कोकणात तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. सोमवारी बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. "मग रविवारी तेल दोघांकडं मिळायचं का?" वाणसामानाचं दुकान असलेल्या घरातल्या मुलीने अचूक प्रश्न विचारला. जुने ग्रंथ विसरले, भाषा विसरली, पण शनिवारी बैल सोडायचे ते सोडायचेच. पुढे बाहेरच्या ज्यूंशी भेट झाली तेव्हा या सवयींवरूनच त्यांची ओळख पटली, असं परंपरा सांगते.

इस्रायल आळीतलं मागेन आबोथ हे प्रार्थनास्थळ १८४८ सालचं, आजची इमारत १९१० ची. डोकं झाकायला हवं म्हटल्यावर कोणी गांधी टोपी काढली, कोणी रुमाल बांधला, एकाने थेट हुडी ओढली. आत मधोमध प्रार्थना सांगायचा कठडा, पश्चिमेला जेरुसलेमच्या दिशेने तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचं कपाट, त्यापुढे अखंड तेवणारा दिवा. उंची मात्र बेताची. ती कोणी विचारली नाही, ही आमची सभ्यता.

शेजारच्या एका आजींनी आम्हाला ओसरीवर बसवलं. नऊवारी नव्हे, पाचवारी. बोली अस्सल अलिबागची. त्यांनी आडनावं सांगायला सुरुवात केली. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. ज्या गावात राहिले त्या गावाचे झाले. चित्रपटांतले डेव्हिड हे असेच एक चेऊलकर. झालं, ओसरीवर आमचीही वर्गवारी सुरू झाली. वांगीकर, तडसरकर, नेवरीकर, सोनसळकर. देवराष्ट्र्याची मुलगी आधीच तोऱ्यात असते, कारण यशवंतराव चव्हाण तिच्या गावात जन्मले. पण 'देवराष्ट्रेकर' म्हणताना तिची जीभ अडखळली आणि बाकीच्यांनी सूड उगवला.

आजींनी मलिदा दिला. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळांचे तुकडे. एलियाहू नबीच्या नावाने, नवस फेडताना, शुभकार्यात हा करतात. दुसऱ्यांदा ताटली पुढे करत एकाने विचारलं, "आजी, तुमच्यात कोळंबीचं कालवण कसं करत्यात?"

"आम्ही कोळंबी खात नाही रे बाळा. ज्या मासळीला पर आणि खवले, तेवढीच आम्हाला चालते. मटणात दूधदही पण नाही. नारळाचं दूध घालतो."

ओसरीवर शांतता पसरली. आदल्या रात्रीची कोळंबी प्रत्येकाच्या पोटात हलली असावी. अलिबागेत राहायचं, दारासमोरून कोळणीची पाटी रोज जाणार, आणि दोन हजार वर्षं कोळंबीला हात लावायचा नाही! "सर," तो मुलगा हळूच म्हणाला, "नव्वद फुटाचं सोप्पं हाय. ह्ये आपल्याला झ्याट जमायचं न्हाय." सरांनी त्याचं एक विशेषण गाळून बाकी विधान मान्य केलं.

परदेशही शेवटी घडला, तोही फोनवर. आजींचे एक नातेवाईक डिमोनात असतात. इस्रायलच्या वाळवंटातल्या या गावात भारतातून गेलेल्यांची मोठी वस्ती आहे. १९४८ नंतर कोकणातली घरंच्या घरं तिकडे गेली. मराठी मात्र सोबत नेली, इतकी की तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. पडद्यावर एक टोपीवाले आजोबा आले. सगळी पोरं एकदम ओरडली, "आजोबा, तिकडं ठिबक कसं चाललंय?"

आजोबांना कडेगावची मराठी कळेना. आजींनी ती अलिबागच्या मराठीत सांगितली. मग ते हसले. "मी जन्मभर कापडाच्या गिरणीत होतो. ठिबक मला काय ठाऊक? तिकडे पाऊस पडला का, ते सांगा."

पाऊस! जगाच्या पाठीवर कुठेही गेलेल्या मराठी माणसाचा हाच पहिला प्रश्न. आमच्या पोरांनी टेंभू उपसा सिंचन योजनेच्या आवर्तनासकट सविस्तर अहवाल दिला. आजोबा शेवटपर्यंत ऐकत होते.

पालकांना अहवाल द्यायचा म्हणून सरांनी मुलांना 'वारसा कशाने टिकतो' यावर लिहायला लावलं. बहुतेकांनी इमारतींवर लिहिलं. कोळंबीवाल्याने एकच ओळ लिहिली: 'काय खायाचं न्हाय आन् कवा काम करायचं न्हाय, ह्येनं टिकतो.' तपासताना मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. भारतात ज्यू आता पाच हजारांच्या आत उरले आहेत, सर्वांत जास्त महाराष्ट्रात. २०१६ साली राज्याने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्याआधीची शतकं ते शनिवारच्या बंद घाण्यावर टिकले.

तेव्हा अलिबागला जाणार असाल, तर इस्रायल आळीतही जा. शनिवार टाळा, डोक्याला रुमाल घ्या, फोटो विचारून काढा. आणि कुणी ओसरीवर बसवलंच, तर मलिदा दुसऱ्यांदा मागा. पण कोळंबीची पाककृती मागू नका.