लाळ गळण्यास गुरुत्वाकर्षण लागते

भुताखेतांच्या वास्तव्याविषयी आपल्या पूर्वजांनी जी वहिवाट घालून दिली होती, तिच्यात पिंपळ, पडका वाडा, ओसाड विहीर आणि गावकुसाबाहेरचा तिठा एवढ्याच मिळकतींचा समावेश होता; आणि या साऱ्या मिळकतींत एक गंभीर उणीव अशी होती, की जिवाच्या आकांताने पळणाऱ्या माणसाला तेथून खरोखरच पळता येत असे. शंभर पावलांवर कोणाच्या तरी ओसरीवर कंदील मिणमिणे, कोणीतरी ‘कोण रे तिकडे?’ म्हणून खाकरे, आणि भुताची रात्रभराची मेहनत वाया जाई. विज्ञानभयकथांची चित्रपुस्तके रचणाऱ्या पाश्चात्त्य मंडळींनी ही उणीव अचूक हेरून आपल्या भुताला थेट अंतराळस्थानकात बिऱ्हाड थाटून दिले. तेथे दार आहे, परंतु दाराबाहेर अंगण नाही. भयकथा वाचताना ‘हा गाढव पळून का जात नाही?’ हा जो प्रश्न प्रत्येक वाचकाच्या ओठांवर येतो, तो या एका युक्तीने कायमचा निकालात निघाला आहे.

आयुष्याची उमेदीची वर्षे एका सरकारी दफ्तरखान्यात आवक-जावक नोंदवण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या मनुष्याने हे वाङ्मय वाचावे असा काही संकेत नाही. पण पुतण्याच्या कपाटात ‘एलियन्स : लॅबिरिंथ’ हाती लागले, आणि पहिली चार पाने उलटल्यावर उठवेना. अमेरिकेतील डार्क हॉर्स या प्रकाशनसंस्थेने 1993 साली सुरू केलेली, जिम वुड्रिंग यांनी लिहिलेली आणि किलियन प्लंकेट यांनी चितारलेली ही चार अंकांची मालिका. इनॉमिनाटा नावाच्या स्थानकावर डॉक्टर चर्च नामक एक विद्वान त्या जगप्रसिद्ध हिंस्र परग्रहवासीयांना पाळून, त्यांना चक्रव्यूहात सोडून, त्यांच्या वर्तनाचा अभ्यास करीत असतो; आणि तेथे नव्याने आलेल्या क्रेस्पी नामक अधिकाऱ्याला सारा कारभार संशयास्पद वाटू लागतो. येथे इतर वाचकांच्या अंगावर काटा येत असेल. मला मात्र तपासणीच्या दौऱ्यांची आठवण झाली. वरिष्ठ विद्वान, अतिशय गोड बोलणारा, आणि नेमक्या एका खोलीची किल्ली सापडत नाही! अशा ठिकाणी मुक्काम न वाढवता पंचनामा करून, सह्या घेऊन, संध्याकाळच्या गाडीने निघावे हा अनुभवी माणसाचा सल्ला. परंतु गाडी नाही, हेच तर त्या स्थानकाचे मर्म.

या पंथाचा मूळपुरुष म्हणजे 1979 चा ‘एलियन’ चित्रपट, आणि त्याच वर्षी आर्ची गुडविन व वॉल्टर सायमन्सन यांनी त्याचे केलेले चित्ररूप. तेथे स्थानक नसून मालवाहू यान आहे. पण आपत्तीचे कारण पाहा. तोंडाला अज्ञात जीव चिकटलेला सहकारी दाराशी आणला जातो, तेव्हा रिप्ली ही अधिकारी निर्जंतुकीकरणासाठी 24 तासांच्या विलगीकरणाच्या नियमावर बोट ठेवून दार उघडण्यास साफ नकार देते. आणि ॲश नावाचा शास्त्रज्ञ कोणालाही न जुमानता ते आतून उघडतो. आमच्या खात्यात याला ‘विशेष बाब म्हणून मंजुरी’ म्हणत. त्या पुढची सारी पाने, सारे रक्त आणि साऱ्या किंकाळ्या या एका विशेष बाबीचे व्याज आहे.

तथापि माझा खरा आक्षेप त्या प्राण्याच्या लाळेवर आहे. एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराच्या कल्पनेतून उतरलेल्या त्या काळ्या, लांबोडक्या मस्तकाच्या प्राण्याचे दुहेरी जबडे मला मान्य आहेत, त्याचे लोखंड विरघळवणारे रक्तही मी वादाकरिता गृहीत धरतो. पण तो छताला लोंबकळत असताना त्याची लाळ तारेसारखी लांबत खालच्या बेसावध मनुष्याच्या खांद्यावर टपकते, ती कोणत्या अधिकाराने? आपल्या डोक्यावरून सुमारे 400 किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या खऱ्या स्थानकात वजन जाणवत नाही. तेथे द्रव टपकत नाही, तो जेथे असेल तेथेच चिकटून गोळा होत राहतो. 16 जुलै 2013 रोजी लुका परमितानो हा इटालियन अंतराळवीर स्थानकाबाहेर काम करीत असताना त्याच्या शिरस्त्राणात पाणी झिरपू लागले, आणि सुमारे दीड लिटर पाणी डोळ्यांवरून नाकावर पसरून, केवळ पृष्ठताणाच्या बळावर, त्याला बुडवू पाहत होते. बिचारा जवळजवळ आंधळ्यासारखा, आपल्या दोरीच्या आधाराने चाचपडत दाराशी परतला. हाच न्याय त्या प्राण्याला लावला, तर दोन मिनिटे मनसोक्त लाळ गाळल्यावर ती त्याच्याच नाकाडावर लोंबकळत राहून तो स्वतःच गुदमरेल, आणि उरलेले तीन अंक कोरे छापावे लागतील. हा मुद्दा मी पुतण्यापुढे मांडला, तेव्हा तो म्हणाला, “काका, तिथे कृत्रिम गुरुत्वाकर्षण असतं.” असते खरे, एरवी धावणार कोण? खऱ्या स्थानकात पाठलाग म्हणजे एकाने भिंतीवरील दांडा पकडून स्वतःला हलकेच ढकलावे, आणि मागच्यानेही तितक्याच सभ्यपणे ढकलत यावे.

खऱ्या स्थानकात भय नाही असे मात्र कोणी समजू नये. तेथे गरम हवा वर जात नाही, म्हणून पंखा बंद पडला तर झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साचतो. तेथे घरघर चालू असणे हे सुरक्षिततेचे, आणि शांतता हे अरिष्टाचे लक्षण. रशियाच्या ‘मीर’वर 23 फेब्रुवारी 1997 रोजी प्राणवायू पुरवणारी नळकांडीच पेटली, माणसे सहा, परतीची याने दोन, आणि त्यांपैकी एकाची वाट नेमकी आगीने अडवलेली. पुढच्या वर्षी त्याच स्थानकावर, क्वचितच उघडले जाणारे एक फळकूट काढले, तर मागे चेंडूएवढा गढूळ पाण्याचा गोळा तरंगत होता. त्यात जिवाणू, बुरशी, अमीबासारखे जीव आणि धुळीतले किडे सुखाने नांदत होते. हा खरा राक्षस! आणि अंतराळवीरांनी काय केले? किंकाळी फोडली नाही; रीतसर नमुने घेतले आणि तपासणीसाठी पृथ्वीवर रवाना केले.

मी अशाच एका चित्रकथेचा मसुदा तयार केला आहे. तिचा नायक दर शनिवारी, हल्लीच्या स्थानकातील रिवाजाप्रमाणे, हवा खेचणाऱ्या जाळ्यांवरची धूळ यंत्राने ओढून काढतो. आठवडाभरात हरवलेला चमचा, पेन्सिल आणि स्क्रू तेथेच सापडतात, आणि तिसऱ्या पानावर त्या जाळीत त्याला असा एक स्क्रू मिळतो, जो स्थानकाच्या कोणत्याही यादीत नाही. पुतण्याने हा मसुदा वाचून त्यात निदान एक मनुष्य तरी खाल्ला जावा, अशी दुरुस्ती सुचवली आहे. ती मी विशेष बाब म्हणून विचाराधीन ठेवली आहे.