मरणोत्तर मालकी

प्रति,
श्रीमती मोटार विमा पॉलिसी,
मुक्काम डॅशबोर्डचा कप्पा.

विषय : स्वतःची गाडी नसलेल्या चालकाची दखल घेणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवितो की, माझ्याकडे गाडी चालवण्याचा परवाना आहे, गाडी नाही. पुण्यात अशा माणसाला बेकार म्हणत नाहीत, हक्काचा म्हणतात. सोसायटीतल्या काकांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घरी आणायचे असो, मेहुण्याकडची मंडळी लग्नाला सोलापूरला न्यायची असोत, किंवा हौसेने मोठी गाडी घेऊन खंबाटकी घाटात घाम फुटणाऱ्यांना साताऱ्याला पोचवायचे असो, किल्ली माझ्याच हाती येते. किल्लीबरोबर तुम्हीही येता. एवढा सहवास घडूनही तुमच्या लेखी मी कोण, हे तुम्ही कधी सांगितले नाहीत.

गाडीची मात्र तुम्हाला कुंडली पाठ. इंजिन नंबर, चेसिस नंबर, कुठल्या सालची, नोंदणी पुण्या-मुंबईची की आडगावची. थर्ड पार्टीचा हप्ता तर निव्वळ सीसीवर ठरतो. जून २०२२ च्या दरपत्रकात खासगी मोटारीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, पुढे १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७. एसटीत हयात घालवलेला ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसो की कालच परवाना हाती आलेला भाचा, या आकड्यांत एका रुपयाचा फरक पडत नाही.

बरे, जपून चालवल्याचे बक्षीस? तेही आहे. २० टक्क्यांपासून चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जाणारा नो क्लेम बोनस. गाडी मी जपायची आणि बोनस काकांचा. काकांनी गाडी विकली तरी बोनस त्यांच्याबरोबर नव्या गाडीवर जातो. म्हणजे तुम्हाला माणूस ओळखता येतो, फक्त आरसी बुकावर त्याचे नाव लागते. आणि पार्किंगच्या खांबाला दार घासलेच, तर काका उदारपणे म्हणतात, “असू दे रे, इन्शुरन्स आहे ना!” क्लेम होतो. बोनस बुडाल्याचे त्यांना नूतनीकरणाच्या दिवशी कळते, आणि त्या दिवाळीला आमच्याकडे फराळाचे ताट येत नाही. या नुकसानीचा सर्व्हेअर कुठे भेटतो?

कायद्याला मात्र माझा विसर पडत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १४६ सांगते की विमा नसलेले वाहन रस्त्यावर कुणी वापरू नये आणि वापरूही देऊ नये. कलम १९६ प्रमाणे शिक्षा चालवणाऱ्यालाही आहे : पहिल्या खेपेस २,००० रुपये, पुढे ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची सोय. विम्याची तारीख काका विसरले तरी चौकात शिट्टी माझ्यासाठीच वाजते.

तुमचा एक गुण मात्र मान्य करतो. माझा परवाना वैध असेल आणि माझ्या हातून रस्त्यावरचा कुणी जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाई तुम्ही देता, आणि त्या रकमेला तुमच्याकडे वरची मर्यादा नाही. अमेरिकेत मालकाच्या विम्याची रक्कम ठरावीक असते. ती संपली तर पुढचे पाहायला तिथे गाडी नसलेल्यांसाठी ‘नॉन-ओनर’ पॉलिसी विकत मिळते. तीही दुसऱ्याला झालेल्या इजेपुरती आणि नुकसानीपुरती. हातातली गाडी ठोकली तर तिचा खर्च त्यात बसत नाही, आणि घरातल्याच माणसाची गाडी सहसा चालत नाही. तेव्हा तिकडची पॉलिसी इकडे आणा, असा माझा हट्ट नाही. मला फक्त विचारायचे आहे, मीच जखमी झालो किंवा दगावलो तर माझे काय?

अपघात संरक्षण सक्तीचे आहे. २०१८ साली नियामकाने त्याची रक्कम १५ लाखांवर नेली. पण नाव काय? ‘मालक-चालक’. तो गाडीचा नोंदणीकृत मालक हवा, पॉलिसी त्याच्या नावे हवी आणि परवाना त्याच्याकडे हवा. तीनपैकी एक अट मी पुरी करतो.

तरीही मालक होण्याची एक वाट आहे. एक गृहस्थ इलकलहून दुसऱ्याच्या मोटारसायकलवर गावी निघाले होते. पुढची लोखंडी पत्रे लादलेली बैलगाडी अचानक थांबली आणि ते गेले. २००९ च्या निंगम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, गाडी उसनी नेणारा मालकाच्या जागी येतो, म्हणून चूक कुणाची हे न पाहता भरपाई देणाऱ्या तेव्हाच्या कलम १६३अ खाली त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही. २०२० मध्ये अशाच दुसऱ्या खटल्यात तेच सांगून, करारात लिहिलेले एक लाख रुपये तेवढे वारसांना देण्यात आले. म्हणजे लोक मालक व्हायला बँकेचे कर्ज काढतात, आणि मी व्हायचे तर मला मरावे लागेल आणि घरच्यांना दिल्ली गाठावी लागेल. तोही मालक कसा, तर हात पसरता न येणारा!

सबब विनंती एवढीच : मालकाच्या संमतीने जो परवानाधारक स्टिअरिंगवर असेल, त्याला हे अपघात संरक्षण आपोआप लागू करा. हप्ता थोडा वाढला तर वाढू द्या. ज्यांना घाटात घाम फुटतो, ते आनंदाने भरतील.

आपला,
अद्याप हयात असल्याने बिगरमालक,
एक चालक

ता. क. (वाचकांसाठी) : दुसऱ्याची किल्ली घेण्याआधी पॉलिसीची मुदत बघा, संकोच करू नका. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्याविषयीची कायदेशीर जबाबदारी आणि त्याचे अपघात संरक्षण पॉलिसीत वेगळे नोंदवून घ्या, जादा हप्ता किरकोळ असतो. आणि इतरांच्या गाड्या चालवत असाल तर वैयक्तिक अपघात विमा स्वतःच्या नावाने उतरवा. तो घ्यायला गाडी लागत नाही.