आग गायमुखला, बंब फडके रोडला

टोइंगची गाडी आपल्याला कुठे भेटते? ठाण्यात गोखले रोडला, राम मारुती रोडला. कल्याणात शिवाजी चौकापासून स्टेशनपर्यंत. डोंबिवलीत फडके रोडला, मानपाडा रोडला. म्हणजे जिथे शंभर-सव्वाशे किलोची स्कूटर उभी असते, तिथे. आणि मालाने भरलेला ट्रेलर जिथे बंद पडतो, त्या गायमुख घाटात, मुंब्रा बायपासवर, शिळफाट्यावर कोण भेटतं? कानाला फोन लावून क्रेनची वाट बघणारा वाहतूक पोलीस, आणि त्याच्या मागे वाघबीळपर्यंत लागलेली रांग.

गाड्या ओढण्याची सगळी ताकद आपण चुकीच्या नाक्यावर उभी केली आहे. आज तेवढंच बोलायचं आहे.

टोइंग बंद करा, असं मी म्हणत नाही. फडके रोडवर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधून रिक्षा जायची मारामार, तिथे अग्निशमनची गाडी कशी शिरणार? सम-विषम तारखेची पाटी डोळ्यांसमोर असताना तिच्याखालीच बाइक लावणाऱ्याची गाडी उचलली तर बिघडलं काय? उचलावीच. ठाण्यात गावदेवी मैदानाखाली वाहनतळ आहे, कल्याणला स्टेशनजवळ कपोते वाहनतळ आहे. दोन मिनिटं चालायचा कंटाळा हे रस्ता अडवायचं कारण होऊ शकत नाही.

पण उचलायचं तर कायद्याने उचला. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याचं 127 वं कलम स्पष्ट सांगतं की मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी हलवण्याचा हुकूम गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने द्यायचा. टेम्पोच्या फाळक्यावर उभ्या असलेल्या पोरांनी नाही. गाडीचा नंबर भोंग्यावरून पुकारायचा, मालक समोर आला तर त्याचं ऐकून घ्यायचं, गाडी नेलीच तर रस्त्यावर खडूने नंबर आणि चौकीचं नाव लिहून ठेवायचं. पहिल्या पावसात तो खडू वाहून जातो आणि माणूस गाडी चोरीला गेली म्हणून पोलीस ठाणं शोधत फिरतो. जून ते सप्टेंबर ही गोष्ट रोज घडते, तरी खडूला दुसरा पर्याय कोणाला सुचलेला नाही. मालकाच्या मोबाइलवर ई-चलान क्षणात येतं. मग गाडी कुठे नेली हेही त्याच मोबाइलवर क्षणात यायला कोणती अडचण आहे?

ही बारीक कुरकुर नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये मालाडला एका गाडीत आई बाळाला दूध पाजत बसली होती आणि ती गाडी तशीच, दोघांसकट, ओढून नेली गेली. चित्रफीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली, पोलीस निलंबित झाला. ऑगस्ट 2021 मध्ये पुण्यात नाना पेठेत दुचाकी उचलली, ती वर बसलेल्या माणसासह. दोन्ही ठिकाणी घाई होती ती उचलण्याची. रस्ता मोकळा करण्याची घाई असती, तर गाडीत बसलेल्या माणसाला नुसतं ‘पुढे घ्या’ म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

त्याच 127 व्या कलमात पहिला उल्लेख आहे तो दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेल्या गाड्यांचा. आता आपल्या गल्लीत एक फेरी मारा. उड्डाणपुलाखाली, नाल्याच्या कडेला, मैदानाच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या गाड्या बघा. टायर जमिनीला चिकटलेले, काचा गायब, सीटवर कुत्री झोपलेली, बॉनेटमधून पिंपळ वर आलेला. यांना दहा तास नाही, पावसाळेच्या पावसाळे झाले. पालिका मधूनच मोहीम काढते, थोड्या हलतात, पुन्हा तशाच साठतात. टोइंगचा टेम्पो मात्र त्यांच्या शेजारून जातो आणि पुढे उभी असलेली चालती स्कूटर उचलतो. कारण सरळ आहे. बेवारस गाडीचा मालक पैसे भरायला येत नाही. उचललेल्या गाडीमागे पैसे, अशी ठेक्याची पद्धत ठेवली की ठेकेदार पैसे देणारी गाडीच शोधणार. त्याला दोष देऊन काय उपयोग? दोष तो करार लिहिणाऱ्याचा.

मुळात टोइंगची गाडी दंड वसूल करायला जन्माला आलेलीच नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात चॅटनूगा नावाचं गाव आहे. 1916 साली तिथल्या अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्याच्या ओळखीच्या एका माणसाची फोर्ड मॉडेल-टी ओढ्यात पडली. पाच-सहा माणसं, दोरखंड आणि लाकडी ओंडके घेऊन ती बाहेर काढताना सगळा दिवस गेला. होम्स परत आला आणि जुन्या कॅडिलॅकच्या सांगाड्यावर खांब, कप्पी आणि साखळी बसवून बघू लागला. पहिल्यांदा वजन उचलताना त्याची गाडीच कलंडायला लागली. मग त्याने दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकणारे पाय जोडले. असे पाय आजही बऱ्याच मोठ्या रेकरना, म्हणजे अडलेली गाडी ओढून काढणाऱ्या गाड्यांना, असतात. त्या गावात आज या गाड्यांचं संग्रहालय आहे, आणि संग्रहालयाबाहेर एक भिंत आहे. रस्त्यावर दुसऱ्याची गाडी काढताना जे चालक-मदतनीस मेले, त्यांची नावं त्या भिंतीवर कोरली आहेत. आपल्याकडे घाटात रात्री दोन वाजता ट्रकखाली झोपून साखळी बांधणाऱ्या पोराच्या अंगात चमकणारं जॅकेटही नसतं. त्याच्यासाठी भिंत नको, जॅकेट द्या. आणि तो खाली असेपर्यंत मागे शंभर पावलांवर दिवा घेऊन कोणीतरी उभं राहू द्या.

आता घाटात या. उरणच्या न्हावा-शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेला कंटेनर कळंबोलीवरून शिळफाट्याला येतो, मुंब्रा बायपास चढतो, खारेगाव, माजिवडा करत घोडबंदर रोडला लागतो आणि गायमुखचा चढ सुरू होतो. जुलै 2018 मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. दहा चाकी ट्रक 25 टनांवरून 28.5 टनांवर गेला, मोठ्या ट्रेलरना 55 टनांपर्यंत मुभा मिळाली. वजन वाढलं, चढ तोच राहिला. क्लच प्लेट जळते, पाटा तुटतो, हवेची नळी फुटते. आणि एकच ट्रेलर आडवा झाला की मीरा-भाईंदर ते माजिवडा सगळं ठप्प.

बंद पडलेला भरलेला ट्रक बाजूला घेणं हे दोर बांधून ओढण्याचं काम नाही. जड गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. हवा गेली की मागची चाकं आतल्या स्प्रिंगने घट्ट धरली जातात. तशीच ओढली तर टायर फाटतात, डांबर उखडतं, गाडी हातभरही सरकत नाही. आधी दुसऱ्या गाडीतून नळी लावून टाकीत हवा भरावी लागते, नाहीतर ब्रेकच्या डब्याच्या मागचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळून धरावी लागते. मग गाडीखाली जाऊन प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट खोलायचा. इंजिन बंद असताना मागची चाकं फिरली तर गिअरबॉक्स तेलाविना फिरतो आणि जळतो. त्यानंतर पुढचा भाग बंपरला नाही, ॲक्सलला धरून उचलायचा. ज्याच्याकडे हवेची नळी, पाने, साखळ्या आणि सवयीचा हात आहे, त्याला हे काम लवकर उरकतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, तो आधी गॅरेज शोधतो.

आपल्याकडे बहुतेक वेळा येते ती हायड्रा क्रेन. दुसऱ्या दिवशीच्या बातमीतही ‘हायड्राच्या साहाय्याने वाहन बाजूला करण्यात आले’ हे वाक्य ठरलेलं. हायड्रा ही बांधकामावरची गडीण आहे. लोखंडी सळया, पाइप उचलून दहा-वीस पावलं नेण्यासाठी ती बनली. बूम जितकी लांब करावी तितकी तिची उचलायची ताकद घटते, आणि कमरेतून वळत असल्याने वजन घेऊन वळताना ती स्वतःच कलंडू शकते. भरलेला ट्रेलर चढावर ओढायला तिला लावायचं म्हणजे तिच्या चालकाचा जीव टांगणीला लावायचा. तो बिचारा तरीही लावतो, कारण मागे हजारो गाड्या हॉर्न मारत असतात.

आणि ज्याची गाडी बंद पडली, तो ट्रकवाला? परमुलखातला माणूस, खिशात डिझेलपुरते पैसे. खासगी क्रेनवाला जो आकडा सांगेल तो त्याने द्यायचा. क्रेनवर दरपत्रक लावलेलं असतं का? मी तरी पाहिलेलं नाही.

लहान पोरांना मात्र हे सगळं बरोबर कळतं. पिक्सारचा ‘कार्स’ 2006 साली आला आणि त्यातला गंजका मेटर पोरांनी डोक्यावर घेतला. मेटर कोणाला दंड करत नाही, अडलेल्याला ओढून आणतो. त्याच्याही आधी खेळण्यातल्या मोटारी बनवणाऱ्या मॅचबॉक्सने आपल्या 13 नंबरच्या गाडीत रेकरच ठेवला होता. त्यातला 1965 चा पिवळा-हिरवा डॉज लांबीला जेमतेम तीन इंच, पण मागे खरा आकडा लोंबत असतो. तो आकडा दुसऱ्या मोटारीच्या बंपरखाली अडकवला की पुढची दोन चाकं वर उचलली जातात आणि मागची दोन जमिनीवर फिरतात. खऱ्या गाडीतही असंच व्हायला हवं. आपल्या रस्त्यावर हँडब्रेक ओढलेली मोटार पुढून उचलतात आणि मागची चाकं तशीच फरफटत नेतात, डांबरावर दोन काळे पट्टे उमटवत. मागच्या चाकांखाली सरकवायची छोटी चाकाची डॉली मिळते, ती टेम्पोत ठेवायची असते. आपल्याकडच्या सेंटी टॉइजने खेळण्यातली रिक्षा काढली, ॲम्बॅसॅडर काढली. आता एक देशी रेकरही काढावा, हवेच्या नळीसकट आणि बाजूच्या पायांसकट. ज्या पोराने तो हाताळला असेल, ते मोठं होऊन निविदा लिहायला बसलं तर निदान अटी तरी नीट घालेल.

पैसे नाहीत, हे उत्तर चालणार नाही. कायद्याच्या 201 व्या कलमात वाहतुकीला अडथळा केल्याबद्दल 500 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि स्कूटरला तोच, 55 टनांच्या ट्रेलरलाही तोच. पण त्याच कलमात असंही लिहिलं आहे की सरकारी किंवा सरकारने नेमलेल्या यंत्रणेने गाडी हलवली तर हलवण्याचा खर्च मालकाकडून वसूल करायचा. म्हणजे मोठ्या रेकरचा खर्च भरून काढायची सोय कायद्याने आधीच करून ठेवली आहे. ट्रकमालकालाही ते परवडेल. ठरलेल्या दराची पावती ही रात्री दोन वाजताच्या घासाघिशीपेक्षा केव्हाही स्वस्त. राष्ट्रीय महामार्गावर 1033 फिरवला की क्रेन येण्याची सोय आहे, समृद्धी महामार्गावर क्रेन नेमून दिल्या आहेत. मग रोज लाखो माणसं ज्या रस्त्याने कामावर जातात, तिथे फोनाफोनी का?

ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, सगळं एकाच पोलीस आयुक्तालयात येतं. त्यामुळे हद्दीचं कारण पुढे करायला जागा नाही. गायमुखच्या पायथ्याशी एक, मुंब्रा बायपासच्या तोंडाशी एक, कल्याण-शीळ रस्त्यावर काटई नाक्याला एक, असे भरलेला ट्रेलर ओढू शकणारे तीन रेकर चोवीस तास उभे करा. प्रत्येकावर दरपत्रक मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावा. बंदीची वेळ संपून अवजड गाड्यांना सोडायची वेळ झाली की रेकरचे चालक जागेवर आहेत का, हे आधी बघा आणि मगच गाड्या सोडा.

आणि टोइंगची पुढची निविदा निघेल तेव्हा त्यातलं एकच वाक्य बदला. ठेकेदाराला किती गाड्या उचलल्या यावर पैसे देऊ नका. फोन आल्यापासून रस्ता किती मिनिटांत मोकळा झाला, यावर द्या. तुमच्या प्रभागातला नगरसेवक पुढच्या वेळी दारात आला तर त्याला गटार आणि पाण्याबरोबर हेही विचारा, आणि उत्तर लेखी मागा.