कूलर की क्वाड?

नागपूरच्या रामदासपेठेत पावलापावलावर दवाखाना, पण जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची नाडी पाहणारा एक डॉक्टर आम्हाला सापडेना. 1957 साली बाजारात आलेला क्वाड कंपनीचा असा स्पीकर स्वस्तात मिळतोय म्हणून आमचे एक स्नेही हरखले. दिसायला हुबेहूब खोलीतला हीटर. नागपुरात त्याचीच तर उणीव होती! आत केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा, त्यावर हजारो व्होल्ट. त्याला धूळ सोसत नाही, दमट हवा त्याहून नाही. मे महिन्यात पारा 45 वर, कूलर ओली हवा फेकतोय आणि पडदा तडतडतोय. कूलर बंद केला की सूर स्वच्छ, ऐकणारा बेशुद्ध. शिवाय स्पीकर भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ठेवायचा म्हणे. वहिनींनी मागची मोकळी जागा पाहिली आणि विचारलं, ‘‘इथे सांडगे वाळतील का?’’