गच्ची तेवढी द्या, बाकी आम्ही बघतो

इमारत अर्धवट सोडण्यात लखनौचा हात धरणारं शहर सापडणं कठीण. नवाब मुहम्मद अली शाहने सतखंडा नावाचा सात मजली मनोरा बांधायला घेतला. १८४२ मध्ये नवाब गेले आणि काम चौथ्या मजल्यावर थांबलं, ते आजतागायत. लोकशाहीनेही ही परंपरा निष्ठेने चालवली. २०१३ मध्ये गोमतीनगरात जयप्रकाश नारायण आंतरराष्ट्रीय केंद्राचं बांधकाम सुरू झालं. अठरा मजले, माथ्यावर हेलिपॅड, खर्च आठशे कोटींच्या वर. २०१७ मध्ये सरकार बदललं आणि काम ठप्प झालं. नवाबाला काम थांबवायला निदान मरावं तरी लागलं होतं. या वास्तूचा एकच भाग तेव्हापासून नियमित वापरात आहे, तो म्हणजे फाटक. २०२३ मध्ये जयप्रकाशांच्या जयंतीला माजी मुख्यमंत्री अखिलेश यादव ते चढून आत गेले, तर पुढच्या वर्षी त्याच सुमारास तिथे पत्रे ठोकले गेले.

आमची सूचना माफक आहे. आतल्या अठरा मजल्यांचं काय करायचं ते सावकाश ठरवा, तोवर गच्चीवर एक अँटेना बसवू द्या आणि आसपासच्या वस्त्यांना फुकट वायफाय मिळू द्या. वायफायच्या लहरींना वाटेत झाड किंवा भिंत आली की धाप लागते. पण उंचावरच्या दोन अँटेना एकमेकींना दिसत असल्या तर त्या काही किलोमीटर सहज बोलतात. पुढे एका घराच्या गच्चीवरून दुसऱ्या घराच्या गच्चीवर जाळं पसरत जातं. बर्लिनमध्ये फुकट वायफायचं जाळं विणणाऱ्या ‘फ्रायफुंक’ मंडळींनी यासाठी चर्चचे मनोरे वापरले. लखनौला हे परकं वाटायचं कारण नाही. १८५७ च्या वेढ्यात गोळ्यांनी चाळण झालेल्या रेसिडेन्सीच्या छतावर इंग्रजांनी सेमाफोर उभारून काही मैलांवरच्या आलमबागेशी खुणांनी संवाद साधला होता. बिनतारी, आणि तोही पडक्या इमारतीवरून! (आज त्याच रेसिडेन्सीला खिळा ठोकायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल, म्हणून तिला या योजनेतून वगळलं आहे. आणि लालबाग-परळच्या वाचकांनी लखनौला हसू नये. बंद गिरण्यांच्या चिमण्या आपल्याकडेही नुसत्याच आभाळाकडे बघत उभ्या होत्या.)

कायदा आडवा येईल म्हणावं, तर तो केव्हाच बाजूला झाला आहे. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा २०१८ मध्ये आणखी मोकळा झाला. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली, त्यामुळे पानवाल्यालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय चालवता येतं. २०२२ पर्यंत देशात एक कोटी वायफाय ठिकाणं करण्याचं सरकारी उद्दिष्ट होतं. त्याचा दहावा हिस्सासुद्धा गाठला गेला नाही, म्हणजे लखनौच्या परंपरेत दिल्लीही बसते. राहिला सुरक्षेचा मुद्दा. २००८ मध्ये नवी मुंबईतल्या एका बेसावध वायफायवरून अतिरेक्यांचा ईमेल गेला होता, हे खरं. त्यावर उपाय म्हणून वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम आले, आणि ‘वाणी’त ती सोय आहेच. इमारत धोकादायक आहे म्हणाल, तर काही किलोंच्या अँटेनेने ढासळणाऱ्या वास्तूवर हेलिकॉप्टर कोणत्या भरवशावर उतरणार होतं?

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. मोबाइलचा डेटा स्वस्त असताना हा खटाटोप कशाला? पण स्वस्त डेटा बंद करणंही तितकंच स्वस्त असतं. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनात लखनौचं मोबाइल इंटरनेट कित्येक दिवस बंद होतं, आणि त्यात आंदोलक जितके अडकले तितकाच भाजीवालाही. वस्तीच्या स्वतःच्या जाळ्यावर बाहेरचं इंटरनेट गेलं तरी आतला निरोप, शाळेचा गृहपाठ, दवाखान्याची वेळ फिरत राहते. सरकार तेही बंद करू शकतं, नाही असं नाही, पण त्यासाठी कुणाला तरी गच्चीवर चढावं लागेल, आणि अठरा मजल्यांत लिफ्ट चालू असेलच असं नाही.

खरी अडचण पैशाची होती. सार्वजनिक वायफायवाल्याला घरगुती जोडणीच्या कित्येक पट महाग लाइन घ्यावी लागे. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी हा दर घरगुती दराच्या दुपटीपुरता मर्यादित केला. पुढच्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने जयप्रकाश केंद्राची सोसायटी बरखास्त करून इमारत लखनौ विकास प्राधिकरणाकडे सोपवली. तारेला भाव मिळाला, गच्चीला मालक मिळाला. तेव्हा इच्छुक लखनौकरांनी अर्ज प्राधिकरणाच्या नावे करावा, आणि पोहोच घ्यायला विसरू नये.