लागतंय कव्हातरी : घर आटोपतं घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

कमी सामानात, लहान घरात, साधं राहायचं ठरवलेल्या नांदेड-लातूरकडच्या कुटुंबाने आधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विश्वासात घ्यावं. ती नाही म्हणत नाही. ती फक्त एवढंच म्हणते, ‘आसू द्या की, लागतंय कव्हातरी.’ तेवढ्यावर आवरायला उघडलेलं कपाट परत बंद होतं.

या वाक्याला परदेशातही उतारा नाही. जपानच्या मारी कोंडोबाईंनी २०११ साली आलेल्या पुस्तकातून जगाला आवराआवर शिकवली. वस्तू हातात घ्यावी, मनाला आनंद वाटतो का पाहावं, वाटत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यावा. (तीन लेकरं झाल्यावर आपलंही घर आता पूर्वीसारखं टापटीप राहत नाही, हे त्यांनी २०२३ मध्ये कबूल केलं. तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच सुनांना हायसं वाटलं असेल.) ही पद्धत मराठवाड्यात आहेराच्या टॉवेल-टोपीपाशी अडते. त्या टॉवेलने आजवर कुणाला आनंद झालेला नाही. त्याने पाणीसुद्धा टिपलं जात नाही. पण तो टाकता येत नाही, कारण तो टॉवेल नसून चलन आहे. लोह्याच्या लग्नात मिळालेला उदगीरच्या बारशात खपतो, तिथून अहमदपूरला जातो. घडी मोडायची नाही, एवढा एकच नियम. जाणकार बाया आहेर कुणाकडून आला ते चिठ्ठीवर लिहून आत सारून ठेवतात, नाहीतर पुढच्या कार्यात तो ज्याचा त्यालाच नेसवला जातो. चिठ्ठी आत तशीच राहिली तर काय होतं, ते ज्याच्या त्याने आठवावं.

जुन्या लुगड्यांचं तेवढं अवघड नाही. मऊ असतील त्यांची वाकळ होते. उरलेल्यांसाठी बोहारीण दारात येते. ती साड्या उजेडात धरून विरलेली जागा शोधते, जरीला बोट लावते, आणि दहा साड्यांवर एक स्टीलचं पातेलं द्यायला कशीबशी तयार होते. तासभर घासाघीस चालते. शेवटी कपाटात एक कप्पा मोकळा होतो आणि स्वयंपाकघरात एका पातेल्याला जागा शोधावी लागते.

तांब्या-पितळेचं घंगाळ, हंडे, परात मोडीत काढायची असेल तर लातूरकरांना गोलाई जवळ आहे. १९१७ साली वसवलेल्या या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. इच्छुकाने येताना कोणताही रस्ता धरावा. रिकाम्या हाताने परत नेणारा रस्ता त्यात नाही. दुकानदार भांडं काट्यावर ठेवतो, घट धरतो, बुडावर कोरलेलं पणजीचं नाव वाचूनही चेहरा हलू देत नाही. मोडीचे पैसे घेऊन निघालेला माणूस शेजारच्या दुकानातून मिक्सर घेऊन घरी येतो.

सामानाचं हे झालं. खुद्द घर लहान करण्याचा प्रयोगही या भागात होऊन गेला आहे, आणि तो हौसेचा नव्हता. इथे मार्गदर्शिकेने थट्टा बाजूला ठेवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. आदल्या दिवशीच गणपती बोळवून गाव झोपलं होतं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद, अशी घरं. उन्हाळ्यात गारवा राहावा, पावसात गळू नये म्हणून माळवदावर दरसाल मातीचा थर चढत गेलेला. तेच ओझं झोपेतल्या माणसांवर आलं. हजारो गेली.

पुढे ५२ गावं नव्या जागी उठवली गेली आणि घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. रस्ते सरळ, रुंद, चौकटीतले. भूकंपाला टिकेल अशा त्या नकाशात ढाळज नव्हती, बळद नव्हतं, बैल बांधायचं कुठे ते नव्हतं. लोकांनी काही दिवस पाहिलं आणि मग बाजूने पत्र्याचं शेड काढलं. साधेपणाचे नकाशे आखणाऱ्यांनी या शेडांकडे अतिक्रमण म्हणून पाहू नये. कडबा आणि ज्वारी कुठेतरी ठेवावीच लागते.

हौसेने लहान घर पाहायचं असेल तर लातूरच्या ट्यूशन एरियात चक्कर मारावी. ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आल्यापासून गावोगावची लेकरं तिथे दोन-दोन वर्षं काढतात. लेकराबरोबर आई ‘रूम करून’ राहते. गावाकडे सोप्याला दहा माणसं टेकतील एवढं घर, आणि इथे एक कॉट, एक टेबल, छोटा सिलिंडर, कुकर, दोन ताटं, खिडकीला वाळत घातलेला टॉवेल. या टॉवेलने मात्र खरंच अंग पुसतात. दोन वर्षं काही अडत नाही. नीटची परीक्षा झाली की गादी-कूलर पुढच्या लेकराला कमी भावात जातो. टेस्ट सिरीजचे गठ्ठे मात्र टेम्पोतून गावी येतात. धाकटा सातवीत आहे. त्याला लागतील कव्हातरी.

आणि पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचे नळ आटले, पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली रेल्वे दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. कमीत कमीवर भागवण्याचा एवढा मोठा वर्ग दुसऱ्या कुठल्या शहरात भरला नसेल. पण त्या उन्हाळ्यात घराघरांतलं सामान वाढलं. दोनशे लिटरचे निळे ड्रम, टाक्या, कॅन, हंडे, घागरी. जिन्याखाली, न्हाणीत, पलंगाच्या पायथ्याशी. ज्याच्या नळाला रोज पाणी येतं त्याला एका बादलीवर राहता येतं. ज्याच्या येत नाही त्याला ड्रम लागतोच, आणि आवराआवरीची पुस्तकं पहिल्या माणसासाठी लिहिलेली असतात. ते ड्रम अजून आहेत. कशात गहू आहेत, कशात वाकळा. ते काढून टाकायचा विषय निघाला की आजी आभाळाकडे बघते.

राहिला मुहूर्त. वेळामावस्येच्या आधी काहीही हलवू नये; शेतात पंधरा-वीस माणसं जेवायला बसतात, भज्जीचं मोठं पातेलं आणि आंबिलीची बिंदगी तेव्हा लागतेच. मग संक्रांत येते, आणि रथसप्तमीपर्यंत वाणाचे प्लास्टिकचे डबे घरात येत राहतात. पुढे लग्नसराई, म्हणजे टॉवेल-टोपी. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या कोठ्या आणि मुखवटे खाली उतरतात. तीन दिवसांच्या त्या पाहुण्यांसाठी माळा वर्षभर राखीव असतो. सगळं वजा जाता रथसप्तमीनंतर लग्नं सुरू होईपर्यंतचे आठ-दहा दिवस मोकळे सापडतात. इच्छुकांनी तेवढ्यात उरकून घ्यावं. आणि मोठं पातेलं कुणाला दिलं ते वहीत लिहून ठेवावं. पुढच्या वेळामावस्येला त्याच घरी मागायला जावं लागणार आहे.