अजून पंचावन्न अंश बाकी

डिझेलमध्ये मेण असतं हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणाला सुख नाही.

त्याचं असं झालं की, ऐन जानेवारीत स्पितीला स्वतःची गाडी घेऊन जायचं खूळ मेहुण्याच्या डोक्यात शिरलं. मनालीकडून येणारी कुंझुमची खिंड हिवाळ्यात बंद, म्हणून सिमला, रामपूर, नाको, ताबो असं किन्नौरमार्गे काझा गाठायचं. राहण्या-खाण्याचं त्यानं बघायचं, औषधं, थर्मास आणि चिवडा बायकोनं; मग उरलेलं 'इंधन' हे खातं माझ्याकडे आलं. मंत्रिमंडळात ज्याला काढता येत नाही त्याला असंच काहीतरी देतात. मी मात्र ते मनावर घेतलं आणि वाचायला बसलो.

आता वाचलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही. डिझेलमधले पॅराफिन थंडीत स्फटिक होऊन बाहेर पडतात. आधी डिझेल गढूळ होतं, मग ते स्फटिक फिल्टर तुंबवतात, आणि पारा आणखी उतरला तर डिझेल वाहायचंच थांबतं. आपल्याकडच्या मानकात साध्या डिझेलनं फिल्टरमधून जायची हद्द हिवाळ्यासाठी 6 अंश आणि उन्हाळ्यासाठी 18 अंश आहे. काझाला जानेवारीच्या रात्री उणे वीसच्या घरात जातात. लडाखसाठी इंडियन ऑइलनं 2019 साली पानिपतच्या रिफायनरीतून खास हिवाळी डिझेल काढलं, ते उणे 33 पर्यंत वाहतं. हे सगळं मी बायकोला पोळ्या लाटताना, मेहुण्याला फोनवर आणि वॉचमनला अडवून सांगितलं. बायकोनं एका वाक्यात निकाल लावला. "म्हणजे डिसेंबरात खोबरेल तेलाचं होतं तसं. मग बाटली उन्हात ठेवायची."

गाडीची टाकी उन्हात कशी ठेवणार, असं म्हणून मी तिच्या अज्ञानाला हसलो आणि ॲडिटिव्हची निळी बाटली विकत आणली.

ही वस्तू मोठी गमतीची. ती मेण नाहीसं करत नाही आणि विरघळवतही नाही. फक्त स्फटिकांना मोठं होऊ देत नाही, म्हणजे ते बारीकच राहतात आणि फिल्टरमधून निसटतात. अट एकच. डिझेल गार व्हायच्या आत ती टाकीत गेली पाहिजे. एकदा मेण जमलं की बाटलीभर ओतूनही उपयोग नाही. शिवाय आधी ॲडिटिव्ह आणि मग वरून डिझेल भरलं तर ते आपोआप ढवळलं जातं. लिटरमागे एक मिली असं माप होतं, त्यासाठी मी खोकल्याच्या औषधाचं झाकण धुऊन, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेतलं. तयारीत मी कधीच कमी पडत नाही.

पण महागाची वस्तू उगीच वाया घालवायची नाही हा आमच्या घराण्याचा संस्कार. पुण्याहून निघालो, राजस्थानात ऊन होतं, तिथं कशाला? चंदीगडला धुकं होतं, पण डिझेल तिथंच जळून जाणार, मग कशाला? रामपूरला मात्र ओतायचंच असं ठरवलं होतं. तिथं मी पिशवीतून झाकण काढून, ते फुंकून, चष्मा लावून बाटलीवरचं बारीक अक्षर पुन्हा एकदा वाचेपर्यंत मेहुण्यानं टाकी फुल करून, पैसे देऊन, काच पुसून घेतली होती आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. "भावोजी, बसा आता," मेहुणा म्हणाला. मी बसलो.

काझाला पोचलो तेव्हा अंधार पडला होता, वीज गेली होती, आणि माझ्या ध्यानात आलं की थंडीत ॲडिटिव्ह स्वतःच घट्ट होतं. ते ऊबदार ठेवायला हवं. मग कानटोपी घालून, मोबाइलच्या उजेडात डिकीतल्या पिशव्या चाचपत मी बाटली शोधून आणली, बायकोच्या पायाशी असलेली गरम पाण्याची पिशवी तिच्या नकळत काढून बाटलीला गुंडाळली, आणि दोन रजया नि एक याकच्या लोकरीचं पांघरूण यांखाली ती रात्रभर पोटाशी धरून झोपलो. बायको मध्येच म्हणाली, "अहो, पाय गारठलेत माझे." मी म्हटलं, "सहन कर, गाडीसाठी आहे."

सकाळी उजेडात पाहिलं तर पोटाशी खोबरेल तेल होतं. छान पातळ झालं होतं.

तीही बाटली निळीच, यात माझा काय दोष? खरी बाटली डिकीत होती, आणि तिच्यातला ऐवज आता बाहेर यायला तयार नव्हता. गाडीचं म्हणाल तर सेल्फ मारला की इंजिन घुर्र करायचं, क्षणभर आशा दाखवायचं आणि गप्प व्हायचं. मी मेहुण्याला स्फटिकांबद्दल सांगू लागलो. शेजारचा पिकअपवाला पोरगा येऊन उभा राहिला, त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डीज़ल जम गया, अंकल." एवढं सांगायला मला पुण्यात महिना लागला होता.

त्यानं घरात जाऊन घमेलंभर निखारे आणले आणि सरळ आमच्या गाडीखाली सारले. मी किंचाळलो. असलं काही करायचं नसतं हे मला आजही ठामपणे वाटतं. मी त्याला माझ्या खास हिंदीत बजावलं की, मानकाप्रमाणे डिझेलचा भडका उडण्याचा बिंदू किमान 35 अंशांवर असतो, म्हणजे पस्तिसाच्या वर गेलं तर वाफ पेट घेऊ शकते, हा काय खेळ आहे का? त्यानं गाडीच्या पडद्यावरचा उणे 20 चा आकडा बघितला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि शांतपणे म्हणाला, "तो अभी पचपन डिग्री बाकी है ना, अंकल."

गणित बरोबर होतं. मी भिंतीआड जाऊन उभा राहिलो.

निखारे विझले, मग आम्ही सगळ्यांनी धक्का मारून गाडी अंगणाच्या उन्हाच्या बाजूला नेली, बोनेटवर घोंगडी टाकली, आणि दुपारी कधीतरी फिल्टर मोकळा होऊन इंजिन सुरू झालं. अंगणातल्या खुर्चीवर बायको निवांत केसांना तेल लावत बसली होती. "उन्हातच ठेवायची होती ना शेवटी?" एवढंच ती म्हणाली. सिमल्यापर्यंत त्यावर तिनं दुसरं काही काढलं नाही, ही तिची मोठी सभ्यता.

ॲडिटिव्हची बाटली भरलेलीच परत आली. फेकवेना, कुणाला द्यावी असंही कुणी दिसेना, शिवाय मुदत संपत आली होती. तेव्हा मे महिन्यात, भर दुपारच्या चाळीस अंशांत, आमच्या पंपावर जाऊन मी आधी झाकणानं मोजून ॲडिटिव्ह ओतलं, मग वरून डिझेल भरलं. सगळं अगदी नियमानं.

तेव्हापासून पुण्यात आमच्या गाडीचं डिझेल एकदाही गोठलेलं नाही.